रातपाळीच्या घरची पोरं

लग्नाच्या पंगतीत बसले की शेजारचा माणूस पहिला घास घ्यायच्या आतच विचारतो, "मॅडम, तुम्ही तर एवढ्या शाळा पाहिल्या. मास्तर नवा चांगला की जुना? गावातला चांगला की बाहेरचा?" जणू मी वांगी घेऊन बाजारात बसले आहे आणि कोणतं कोवळं ते मला वरूनच कळतं. मी आधी भात संपवते. या प्रश्नाचं उत्तर वरण गरम असताना देता येत नाही.

आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात सरकारी शाळा हिंदी माध्यमाच्या, नोकरी हिंदीत, कागद हिंदीत. मराठी उरली ती घरात आणि भांडणात. त्यामुळे दिवाळी अंकाच्या संपादकांनी "नोकरीबद्दल लिहा" म्हटलं तेव्हा मला पहिली भीती वाटली ती मराठीचीच. पण भांडणं भरपूर झाली आहेत, तेव्हा भाषा अगदीच गंजली नसावी.

माझी नोकरी आधी सांगते, कारण ती माझ्या सासूबाईंनाही शेवटपर्यंत कळली नव्हती. आमच्याकडे जनशिक्षक नावाचं एक पद असतं. माणूस मुळात शिक्षकच. पण त्याला फळ्यासमोरून उचलतात आणि आसपासच्या शाळांवर फिरायला लावतात. वर्गात मागं बसायचं, शिकवणं पाहायचं, जमेल तशी मदत करायची आणि वर माहिती पाठवायची. साहेब म्हणावं तर शिक्षा करायचा अधिकार नाही. शिक्षक म्हणावं तर स्वतःचा वर्ग नाही. गावातली माणसं मला इन्स्पेक्टर म्हणायची आणि शाळेतली माणसं मला मनातल्या मनात काय म्हणायची ते मी कधी विचारलं नाही.

माझी स्कूटी एका शाळेतून निघाली की पुढच्या शाळेला मोबाइलवर खबर पोचलेली असायची. मी पोहोचेपर्यंत अंगण झाडलेलं, चहा उकळलेला आणि हुकमी पाठ तयार. हुकमी पाठ म्हणजे मुलांना तोंडपाठ असलेला, पाहुणा आला की काढायचा पाठ, पाहुण्यांसाठी ठेवलेली कपबशी काढतात तसा. एका शाळेत मी गेले की नेहमी झाडाचे अवयवच चालू असायचे. सर फळ्यावर मूळ काढायला खडू उचलत, तेवढ्यात मुलं फुलापर्यंत पोचून वर परागकणही सांगून मोकळी व्हायची. सरांची फार तारांबळ उडायची.

म्हणून मी मास्तरांकडे बघणं सोडून दिलं. मी मुलांत जाऊन बसायची आणि मुलांकडे बघायची. मास्तरला पाहुण्यांसमोर नटता येतं. मुलांना तासभर कंटाळा लपवता येत नाही.

असं बसून बसून माझं एक मत तयार झालं. परसवाड्याकडे एक सर होते, भिंतीवर लावायला जागा पुरणार नाही इतक्या पदव्या. गणित सुरेख यायचं, पण सगळं फळ्यालाच समजावून सांगायचे. उलट बिरशाच्या जंगलात एक गुरुजी होते, त्याच गावचे. पहिलीतली मुलं रडायला लागली की त्यांच्याशी गोंडीत बोलायचे, आणि पोरं डोळे पुसून पाटी उचलायची. तेव्हा मी ठरवून टाकलं, मास्तर त्या मातीतला हवा आणि चांगला मुरलेला हवा. प्रशिक्षणात हे मी छातीठोकपणे सांगायची. लोक माना डोलवायचे, आणि माना डोलवणारे लोक भेटले की मत आणखी पक्कं होतं.

मग भरवेलीच्या बाजूची एक माध्यमिक शाळा, आमच्याकडे माध्यमिक म्हणजे सहावी ते आठवी, माझ्याकडे आली.

भरवेली म्हणजे मँगनीजची खाण. तिथला दिवस घड्याळावर चालत नाही, पाळीवर चालतो. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. काहींची पाळी आठवड्यानं बदलते, काहीजण वर्षानुवर्षं रातपाळीच करतात. सायकली आणि मोटरसायकलींचा एक लोंढा खाणीकडे जातो, दुसरा परत येतो, आणि त्या दोन लोंढ्यांमधून वाट काढत मी शाळेत पोचायची.

शाळेत दोन शिक्षकांची नावं चालायची. एक देवराम सर. बाप खाणीत, काका खाणीत, स्वतः खाणीच्या वस्तीतच वाढलेले. त्याच शाळेत शिकले, त्याच शाळेत मास्तर झाले. पोरांच्या आज्यांना नावानं ओळखत. त्यांच्या वर्गात गेलं की गारवा वाटायचा. पोरं खुशीत, सर खुशीत.

दुसऱ्या मृणाल मॅडम. बालाघाट शहरातल्या, आजोबा हेडमास्तर, वडील प्राध्यापक, आई शिक्षिका. घरात जेवणाच्या ताटावरही व्याकरण निघत असावं. मुलगी हुशार, मेहनती, सुती साडीला कडक इस्त्री. नोकरी नवी, अजून परिवीक्षेची. परिवीक्षा म्हणजे सरकार तुम्हाला लग्नाआधी पाहून घेतं तो काळ. पसंत पडलात तर नोकरी पक्की.

आणि मॅडम पसंत पडत नव्हत्या. पालकांनी जाऊन संकुलाच्या प्राचार्यांकडे तक्रार केली होती. संकुलाचे प्राचार्य म्हणजे आसपासच्या शाळांचे वरिष्ठ. ते मला म्हणाले, "मॅडमजी, भोजराज नाम का आदमी दस लोगों को लेकर आया था. कहता है, मॅडम बच्चों को परेशान करती हैं. आप देख लीजिए. आपकी राय आएगी, तब मैं लिखूँगा." म्हणजे त्या पोरीची नोकरी माझ्या जिभेवर येऊन बसली.

मी गेले तेव्हा मृणाल मॅडमचे डोळे आधीच सुजलेले होते.

"ताई, मी सोडूनच देते," त्या म्हणाल्या. "सहावीतली अर्धी मुलं माझ्याशी बोलतच नाहीत. विचारलं की नुसती बघत राहतात. आमच्या घरात तीन पिढ्या शिकवतायत, आणि मला एक मुलगी वाचती करता येत नाही. बाबांना काय सांगू?"

"आधी मले बसू दे वर्गात," मी म्हटलं. "मग रड."

मी मागच्या ओळीत जाऊन बसले. मॅडमची पद्धत सांगते. त्यांच्या घरी पहाटे सगळी भावंडं एकदम मोठ्यानं वाचायची. आजोबांचा नियमच होता. त्यामुळे मॅडमच्या दृष्टीनं वाचन म्हणजे मोठ्यानं वाचन. त्यांनी वर्गालाही तेच लावलं होतं. घरी जायचं, धडा मोठ्यानं वाचायचा आणि कोणी ऐकला ते दुसऱ्या दिवशी सांगायचं. पद्धत वाईट नव्हे. मीही तशीच शिकले.

"काजल, कल किसने सुना?" मॅडमनी विचारलं.

काजल नावाची एक किडकिडीत मुलगी उभी राहिली. ओठ हलले. आवाज आला नाही.

"जोर से बोलो."

पुन्हा ओठ हलले. मॅडम पुढच्याकडे वळल्या. तीच गत. सात-आठ मुलं उभीच राहिली. मॅडमचा चेहरा पडला आणि माझ्याही मनात आलं की तक्रार खरी दिसते, मुलं घाबरली आहेत.

पण घाबरलेली मुलं मी खूप पाहिली आहेत. ती पायाच्या अंगठ्याकडे बघतात. ही बघत नव्हती. मॅडम फळ्याकडे वळल्या की काजल आणि पलीकडच्या ओळीतली तिची मैत्रीण मजेत गप्पा मारत होत्या, एकही आवाज न करता, नुसत्या ओठांनी. एक विचारत होती, दुसरी सांगत होती, मध्येच दोघी खुदकन हसायच्या, तेही बिनआवाजी. मी निरखून पाहिलं तर विषय मीच होते. इन्स्पेक्टर आहे, चष्मा नवा आहे, दुपारपर्यंत जात नाही. तीनही गोष्टी खऱ्या होत्या.

मधल्या सुट्टीत आम्ही तिघं बसलो. मी देवराम सरांना म्हटलं, "सर, तुमच्या शाळेतले पोट्टे ओठानं बोलतात!"

सरांनी चहाचा घोट घेतला. "मंग? नाईटवाल्यायचे पोट्टे हायेत ते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ताई! बाप रातभर खाली खाणीत राबून सकायी येते, अन् दिवसा झोपते. खोली एकच. पोट्ट्यानं तोंड उघडलं का झोप मोडली. अन् झोप नाही झाली त रातच्याले खाली माणसाचा डोळा लागते. खाली डोळा लागला त माणूस वर येत नाही. माही माय त गंज-भांडंबी कपड्यावर ठेवे, आवाज नाही झाला पाहिजे म्हणून. आमीबी असेच बोलत होतो, ओठानं." आणि त्यांनी दारातल्या शिपायाकडे बघून ओठ हलवले. शिपायानं मान हलवली आणि बिस्किटाचा पुडा आणून ठेवला. मला इतकी वर्षं वाटत होतं की त्या शाळेचा शिपाई मनकवडा आहे.

मृणाल मॅडमच्या हातातला कप तसाच राहिला होता. "म्हणजे मी त्यांना घरी मोठ्यानं वाचायला सांगत होते..."

"हौ. काजलनं वाचलं एक दिवस. भोजराजची पोट्टी ते. बाप उठून बसला, मंग दिवसभर झोप नाही लागली त्याले. तसाच गेलता रातपाळीले. म्हणून त तो तक्रार घेऊन गेला."

"सर, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

देवराम सरांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "यात सांगाचं काय हाय? सगळ्यायलेच मालूम हाय."

सगळ्यांना म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांना. जे आपल्या घरात रोजचं असतं ते कोणाला सांगायची गोष्ट आहे, हेच माणसाच्या ध्यानात येत नाही. सरांच्या मनात काही खोट नव्हती. मॅडमच्या मनातही नव्हती. एकाला घरच्या शांततेची सवय, दुसरीला घरच्या गलक्याची, आणि दोघांच्या मध्ये सात-आठ पोरं उभी.

मला वाटलं, झालं, माझं जुनं मत खरं ठरलं. मातीतला मास्तर तो मातीतला मास्तर. मी सहज, अगदी सहज विचारलं, "मग सर, तुम्ही या पोरांकडून वाचून कसं घेता?"

"मी कायले घेऊ? मी वाचतो, ते आयकतात. बिचाऱ्यायचे बाप नाईटले असतात, कायले त्रास द्याचा?"

"सातवीतबी?"

"हौ."

"आठवीतबी?"

सर कपात बघायला लागले.

ते बोलले नाहीत ते मृणाल मॅडम बोलल्या, आणि बोलायला नको होतं तशा बोलल्या. "म्हणजे सर, ही मुलं तुमच्याकडून तीन वर्षं शिकून एक ओळही मोठ्यानं न वाचता बाहेर पडतात. आणि सगळे तुम्हाला चांगलं म्हणतात."

सरांनी कप खाली ठेवला. "तुमच्या घरी पुस्तकायचे कपाटं होते मॅडम. आमच्या घरी एक खाट होती, अन् तिच्यावर बाप झोपला राहे. आमाले आवाज काढाले शिकवू नका." आणि ते उठून गेले. बिस्किटांना कोणी हात लावला नाही.

दोन वर्गांच्या मध्ये फक्त एक भिंत, पण पुढचे काही दिवस ती दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. मी मध्ये पडले नाही. आमच्या कामात मध्ये पडायची हौस फार वाढते, आणि पडलं की दोन्हीकडून मार बसतो. शिवाय मला त्या मुलीची काळजी वाटत होती. प्राचार्यांचा फोन येऊन गेला होता. मी "बघते आहे" म्हणून वेळ काढली. तिनं मध्येच राजीनामा दिला असता तर माझ्या मताला काही अर्थच उरला नसता.

राजीनामा तिनं दिला नाही. तिनं घरचं वाचन बंद केलं आणि शाळा भरायच्या आधी मैदानात वाचन सुरू केलं. मैदान वस्तीपासून लांब, तिथून कोणाची झोप मोडायची नाही. रातपाळीच्या घरची मुलं आधी बोलवायची आणि एकेकानं उभं राहून वाचायचं. कल्पना छान. पहिल्या दिवशी मुद्दाम लवकर जाऊन मी पाहिलं. मुलं आली, उभी राहिली, पुस्तकं उघडली आणि ओठ हलवू लागली. आवाज नाहीच. मोकळं मैदान, वर आभाळ, तरी पोरं अशी वाचत होती की जणू झाडाखाली कोणी झोपलं आहे. मॅडम स्वतः मोठ्यानं वाचून दाखवत होत्या, हात वर-खाली करत होत्या, आणि रडकुंडीला आल्या होत्या.

देवराम सर फाटकातून आत आले. सायकल लावली, दोन मिनिटं बघत उभे राहिले. मला वाटलं, आता सरळ आत निघून जातील आणि ते पाहून ही पोरगी आजच घरी जाईल. पण सर मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला चालत गेले आणि तिथून ओरडले, "मले काही आयकू नाही येऊन राह्यलं!"

मुलं वळून बघायला लागली.

"तुमचे बाप खाली मशीन चालू असते तवा कसे बोलतात रे?"

एक पोरगा हसला. घरी अवाक्षर न काढणारी ही माणसं खाली मशीनच्या आवाजात बेंबीच्या देठापासून ओरडतात, हे पोरांना ठाऊक होतं. बाप एकमेकांत तेच सांगून हसायचे. पोरगा ओरडला, "ओ ऽ ऽ भाऊ!"

"हां! तसं वाचा आता."

मग जे काही सुरू झालं त्याला वाचन म्हणणं कठीण होतं. झाडावरचे बगळे उडाले. एकेक शब्द दरडावल्यासारखा, मध्ये दम, पुन्हा शब्द. काजलचा आवाज तर असा निघाला की मी दचकले. खणखणीत, थोडा घोगरा, बापावर गेलेला असणार. वाचताना ती अडत होती, चुकत होती, पण चुका ऐकू येत होत्या. ऐकू आलेली चूक दुरुस्त करता येते. न ऐकलेल्या चुकीचं मास्तर काय करणार? मृणाल मॅडम प्रत्येकाजवळ जाऊन नेमकी अडलेली जागा धरत होत्या, आणि हे काम देवराम सरांना येत नव्हतं, ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. म्हणाले, "वरडाले मी लावतो ताई, पण वाचाले मॅडमच लावतात. माह्यावाले किती पोट्टे असेच गेले असतील आठवी पास होऊन." एवढं बोलून सायकल पुसायला लागले. सायकल स्वच्छच होती. मला त्यांचं फार वाईट वाटलं. प्रेमानं केलेल्या गोष्टीचा हिशेब कोणी असा समोर मांडू नये, आणि मांडावाही लागतो.

तर आता ते पंगतीतलं उत्तर. मास्तर कुठून आला आहे ते महत्त्वाचं असतंच. पण तो जे घेऊन येतो त्यातलं निम्मं त्याला दिसतं आणि निम्मं दिसत नाही, आणि न दिसणारं दाखवायला शेजारच्या वर्गात कोणीतरी वेगळ्या घरचं लागतं. हे मी पंगतीत सांगितलं तर जिलेबी संपेल, म्हणून सांगत नाही.

मृणाल मॅडमचं काय झालं ते राहिलं. मी मत द्यायला शेवटचं म्हणून शाळेत गेले त्या दिवशी दुपारी वर्गाच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. उंच, डोळे लालभडक, अंगावर धुतलेला शर्ट पण नखांत मँगनीजची काळी कड. काजलनं पुस्तक खाली केलं. मृणाल मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा रंग उडाला. भोजराज.

"क्या है, भैया?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम. नाईट करून आलो, झोपलो होतो." तो दारातच चपला काढायला लागला. "शेजारीण सांगून राह्यली का तुही काजल मैदानात अशी वाचते का रस्त्यावर आयकू येते. मी म्हटलं, माही काजल? ते त बोलतच नाही. मी घरी असतो तवा झोपेत असतो, नाही त खाली असतो. पोट्टीचा आवाज कसा हाय, मले मालूमच नाही. मले आयकाचा हाय."

मृणाल मॅडमनी खुर्ची पुढं केली. तो नको म्हणाला आणि मागच्या भिंतीला टेकून खालीच बसला, माझ्या शेजारी. काजल उभी राहिली. पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि वाचायला लागली. छान वाचत होती. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत आली आणि तिनं नजर वर केली. बापाचे डोळे मिटलेले होते.

आवाज थांबला, पण ओठ चालूच राहिले. तिचं बघून बाकीची रातपाळीवाली मुलंही श्वास धरून बसली. मृणाल मॅडम तोंड उघडून पुन्हा मिटत होत्या. वाच म्हणावं तर दमलेला माणूस, नको म्हणावं तर हा झोप टाकून आलेला.

"थांबली काहून?" भोजराज डोळे न उघडता म्हणाला. "वाच. मी आयकून राह्यलो."

काजलनं वाचलं. आधी हळू, मग मोठ्यानं, मग मैदानातल्यासारखं. भिंती घुमत होत्या. माझ्या शेजारी तो माणूस मान मागं टाकून बसला होता, आणि त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि माझ्याही. पान संपलं, तिनं दुसरं उलटलं. थोड्या वेळानं मला शेजारून घोरण्याचा आवाज आला. काजलनंही तो ऐकला. तिनं एकदा बापाकडे पाहिलं आणि आवाज तसूभरही खाली आणला नाही.

मी हळूच उठून व्हरांड्यात आले आणि प्राचार्यांना फोन लावला. म्हटलं, माझं मत तयार आहे, मॅडमना इथंच राहू द्या, आणि पक्क्या करा.

"अच्छा? पर ये पीछे इतनी जोर से कौन पढ़ रहा है?"

"भोजराजची मुलगी, सर."

"और शिकायत का क्या करूँ? भोजराज को क्या जवाब दूँ?"

मी दारातून आत पाहिलं.

"आत्ता नको, सर," मी म्हटलं. "तो झोपलाय."